बसलेला आवाज आणि सहा फ्रँकचा आरसा

थायरॉईडवरचा कार्यक्रम झाला, त्यानंतर तीन-चार गटांतून आमच्याकडे एकच प्रश्न आला. "ताई, आवाज बसला म्हणतो आपण, तर नेमकं बसतं काय?" प्रश्न साधा आहे. पण त्याचं उत्तर डोळ्यांनी बघायला माणसाला १८५४ साल उजाडावं लागलं. आणि गंमत अशी, की ते आधी नीट पाहिलं ते डॉक्टरने नाही, गाणं शिकवणाऱ्या एका मास्तरांनी. आज त्यांची गोष्ट सांगणार आहोत, आणि तिच्या पाठोपाठ एका बादशहाची.

आधी थोडं शरीराचं. मानेवर पुढून हात ठेवा आणि "आ" म्हणा. बोटांना थरथर लागते ना? तिथे आत स्वरयंत्र आहे. त्यात दोन मऊ पट्ट्या आहेत, त्यांना स्वरतंतू म्हणतात. नावात तंतू असलं तरी तो दोरा नव्हे, पडद्याच्या चुणीसारखी ती घडी असते. बाईमाणसाच्या या घड्या जेमतेम दीड सेंटीमीटरच्या. श्वास घेताना त्या उघडतात, बोलताना जवळ येतात, आणि खालून येणाऱ्या हवेने एकमेकींवर आपटतात. पुरुषाच्या साधारण सेकंदाला १०० ते १२५ वेळा आणि आपल्या २०० वेळा. म्हणजे नवरा-बायको दोघं तेवढाच वेळ भांडले तरी बाईच्या गळ्यातल्या टाळ्या जवळजवळ दुप्पट! हे हसण्यावारी नेऊ नका, पुढे याचाच संबंध येणार आहे.

आपल्याकडे आवाजाच्या दुखण्याचा विचार फार जुना. सुश्रुतसंहितेत 'स्वरभेद' म्हणून वेगळा रोग सांगितला आहे, त्याचे सहा प्रकार केले आहेत, आणि कारणं सांगताना फार मोठ्याने बोलणं हे अगदी आरंभी घेतलं आहे. मोठ्याने पाठ म्हणणं आणि मार लागणं हीही कारणं त्यात आहेत. त्या वेळी आरसा नव्हता, दुर्बीण नव्हती, तरी वैद्यांनी माणसं बघून, ऐकून हे टिपलं होतं. शरीर क्षीण होत जातं तेव्हाही आवाज जातो, हेही त्या सहा प्रकारांत आहे. क्षयरोग स्वरयंत्रात उतरतो तेव्हा आवाज घोगरा होतो आणि गिळताना दुखतं, हे आजचे डॉक्टरही सांगतात.

तिकडे रोममध्ये दुसऱ्या शतकात गॅलन नावाचा वैद्य होता. त्याने लोकांसमोर एका डुकराला फळीवर बांधलं. डुक्कर ओरडून ओरडून जीव नकोसा करत होतं. गॅलनने त्याच्या मानेतल्या दोन बारीक नसा कापल्या आणि ओरडणं थांबलं. डुक्कर धडपडत होतं, पण आवाज नाही. आज वाचताना अंगावर काटा येतो, मुक्या जनावराचे हाल झालेच. पण त्यातून कळलं, की आवाजाचा हुकूम मेंदूकडून येतो आणि तो या नसांतून येतो. यातली डावी नस मोठी विचित्र आहे. ती डोक्याकडून निघते, गळ्याच्या बाजूने सरळ खाली छातीत उतरते, हृदयाच्या मोठ्या धमनीला वळसा घालते आणि परत वर येऊन गळ्याला मिळते. म्हणून कधी कधी दुखणं फुप्फुसात किंवा छातीत असतं आणि बसतो तो आवाज. थायरॉईडच्या ऑपरेशनच्या आधी डॉक्टर आवाजाबद्दल बोलून ठेवतात तेही याच नसेमुळे, ती थायरॉईडला अगदी चिकटून जाते.

पण वैद्य झाले, गॅलन झाला, पुढचे हजार-दीड हजार वर्षांचे हकीम-डॉक्टर झाले, जिवंत माणूस बोलत असताना आत काय हलतं ते कुणी नीट पाहिलं नव्हतं. मेलेल्या माणसाचं स्वरयंत्र कापून पाहता येतं, पण ते बोलत नाही ना. लंडनच्या बॅबिंग्टन नावाच्या डॉक्टरने १८२९ साली आरशाचं एक साधन केलं होतं, पण ते मागे पडलं.

आता आमचे मास्तर. नाव मॅन्युएल गार्सिया. जन्म १८०५, घराणं स्पेनचं, आणि घरच सगळं गाणाऱ्यांचं. वडील त्या काळचे मोठे गायक. रॉसिनी या संगीतकाराने आपल्या एका गाजलेल्या संगीत नाटकातली नायकाची भूमिका त्यांच्यासाठी लिहिली होती. दोन्ही बहिणी, मारिया आणि पॉलिन, पुढे युरोपभर गाजल्या. १८२५ साली हे सगळं कुटुंब बोटीने न्यूयॉर्कला गेलं आणि तिथे इटालियन संगीत नाटकं केली. वीस वर्षांचा मॅन्युएल बापाबरोबर, बहिणीबरोबर रंगमंचावर उभा. रोज तालीम, रोज प्रयोग, वडिलांचा धाक. कोवळ्या वयात आवाज ताणला गेला आणि तो बिघडला तो बिघडलाच. घरातली बाकी सगळी गातात आणि याला गाता येईना. गाण्याच्या घरात त्याला काय वाटलं असेल, ते आपण समजू शकतो.

पण माणूस रडत बसला नाही. १८३० साली तो फ्रान्सच्या फौजेबरोबर अल्जिरियाला गेला, परत आल्यावर लष्करी इस्पितळांत काम केलं. गळ्याला जखमा झालेले सैनिक तिथे येत. तो बघत राहिला, शिकत राहिला. मेलेल्या जनावरांची स्वरयंत्रं आणून त्यात फुंकून बघायचा. आणि मग गाणं शिकवायला लागला, आधी पॅरिसमध्ये, १८४८ पासून लंडनमध्ये.

त्याच्या शिष्यांतली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १८४१ साली स्वीडनहून जेनी लिंड नावाची वीस वर्षांची मुलगी त्याच्याकडे पॅरिसला आली. तिच्या देशात ती नावाजलेली होती, पण प्रयोगांवर प्रयोग करून आवाज पार थकलेला, फाटलेला. गार्सियाने तिचं गाणं ऐकलं आणि शिकवायला नकार दिला. काही आठवडे गाणं पूर्ण बंद, बोलणंसुद्धा जेमतेम, मग या, असं सांगितलं. परक्या देशात, पदरचे पैसे मोडून आलेली मुलगी. तिने ते ऐकलं, गप्प राहिली आणि परत गेली. मग त्याने तिला जवळजवळ एक वर्ष शिकवलं. हीच पुढे 'स्वीडनची कोकिळा' म्हणून जगभर ओळखली गेली. औषध काय दिलं? काही नाही. विश्रांती, आणि मग ताण न देता आवाज कसा काढायचा ते. आज आवाजाचे उपचार करणारे तज्ज्ञ बऱ्याच दुखण्यांत हेच करतात.

पण त्याच्या मनातला प्रश्न तसाच होता. आत दिसतं कसं? १८५४ च्या सप्टेंबरात सुट्टीत तो पॅरिसला आला होता. पॅले रॉयालच्या आवारात फिरताना खिडकीच्या काचेवर ऊन चमकलं. तेवढ्यावरून त्याला सुचलं, की दोन आरसे घेतले तर ऊन घशात पाठवता येईल आणि आतलं बाहेर बघता येईल. तो थेट वैद्यकीय हत्यारं करणाऱ्या शारिएर यांच्या दुकानात गेला आणि लांब दांड्याचा, दंतवैद्याचा छोटा आरसा विकत घेतला. किंमत सहा फ्रँक. घरी येऊन आरसा गरम पाण्यात बुडवला, पुसला, घशात पडजिभेला टेकवून धरला आणि दुसऱ्या हातातल्या आरशाने ऊन त्याच्यावर पाडलं. आणि दिसलं! आपलंच स्वरयंत्र, आपल्याच गळ्यात, उघडझाप करताना. आरसा गरम का केला? थंड आरशावर श्वासाची वाफ बसते म्हणून. हिवाळ्यात चष्मा घालून चहाच्या कपावर वाकलेलीला हे सांगायला नको.

१८५५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीसमोर त्याचा निबंध वाचला गेला. डॉक्टर मंडळींनी तेव्हा फारसं मनावर घेतलं नाही. गाण्याच्या मास्तरांचं कोण ऐकतो? पण दोन वर्षांनी व्हिएन्नात ट्युर्क नावाच्या डॉक्टरने तसाच आरसा रुग्णांवर वापरून पाहिला. तो उन्हावर अवलंबून होता, हिवाळा आला, ऊन गेलं, त्याने आरसे बाजूला ठेवले. ते आरसे चेर्माक नावाच्या दुसऱ्या डॉक्टरने उसने नेले आणि दिव्याच्या उजेडात काम सुरू केलं, गावोगाव हिंडून दाखवलं. मग दोघांचं जे भांडण जुंपलं, पहिला कोण यावरून, ते काही वर्षं चाललं. ज्याने आरसा घेतला तो मास्तर लंडनमध्ये शांतपणे मुलींना सा रे ग म शिकवत होता.

या आरशामुळे बसलेल्या आवाजाला चेहरा मिळाला. आधी सगळं एकच होतं, घसा बसला. आता दिसायला लागलं, की एकाचे स्वरतंतू नुसते लाल होऊन सुजले आहेत, दुसऱ्याच्या दोन्ही तंतूंवर समोरासमोर घट्ट्यासारख्या गाठी आहेत, तिसऱ्याच्या तंतूला पाण्याच्या फुग्यासारखा कोंब लोंबतो आहे, चौथ्याचा एक तंतू हलतच नाही. आणि पाचव्याला जे आहे ते वाईट आहे.

त्या पाचव्याची गोष्ट म्हणजे जर्मनीचा युवराज फ्रेडरिक. बायको इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीची थोरली मुलगी. माणूस धिप्पाड, उदार मताचा, वय पंचावन्न, पाइप ओढायची सवय. १८८७ च्या जानेवारीत त्याचा आवाज बसला. सर्दी समजून दिवस गेले, जाईना. मार्चमध्ये गेरहार्ट या डॉक्टरांनी आरशाने पाहिलं तर डाव्या स्वरतंतूवर छोटी गाठ. तापलेल्या तारेने ती जाळायचा प्रयत्न झाला, पण ती पुन्हा आली. मे महिन्यात जर्मन डॉक्टरांचं मत पडलं, कर्करोग आहे, गळा बाहेरून उघडून काढावा लागेल. ऑपरेशनची तयारी झाली.

पण राजघराण्याचा गळा. म्हणून लंडनहून मॉरेल मॅकेन्झी यांना बोलावलं. घशाच्या दुखण्यांतलं ते त्या काळचं सगळ्यात मोठं नाव. त्यांनी म्हटलं, आधी गाठीचा तुकडा काढून तपासा. तुकडा बर्लिनच्या फिर्शो यांच्याकडे गेला. फिर्शोंनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगितलं, यात कर्करोग नाही. ऑपरेशन रद्द झालं. मॅकेन्झींना इंग्लंडमध्ये 'सर' किताबही मिळाला.

नोव्हेंबरात युवराज हवापालटासाठी इटलीत सॅन रेमोला होता. तिथे मॅकेन्झींनी पुन्हा पाहिलं आणि आता त्यांनाच कर्करोग दिसला. फेब्रुवारी १८८८ मध्ये श्वास कोंडायला लागला म्हणून गळ्याला भोक पाडून नळी बसवली. त्यानंतर आवाज नाहीच. मार्चमध्ये वडील वारले आणि फ्रेडरिक बादशहा झाला. बादशहा, पण बोलता येत नाही. कागदाच्या चिठ्ठ्या लिहून हुकूम द्यायचा. ९९ दिवस राज्य केलं आणि १५ जून १८८८ ला गेला. पाठोपाठ जर्मन डॉक्टर आणि मॅकेन्झी यांनी एकमेकांवर आरोप करणारी पुस्तकं काढली. चूक कुणाची यावर आजही लिहिलं जातं. आम्हाला वाटतं, तेव्हा लगेच ऑपरेशन केलं असतं तरी तो वाचला असताच असं नाही. त्या काळात अशा ऑपरेशनांत पुष्कळ माणसं दगावत. पण एक गोष्ट डॉक्टर मंडळी कायमची शिकली. एका तुकड्यात दिसलं नाही म्हणजे आजार नाही असं नसतं. आवाज सुधारत नसेल तर पुन्हा बघायचं, पुन्हा तुकडा घ्यायचा.

बादशहाला चिठ्ठ्या लिहिता येत होत्या. आमच्या प्रभागातल्या एका गटात एक मावशी आहेत, त्यांना फक्त सही येते, तीही साक्षरता वर्गात शिकलेली. बैठकीत सगळ्यांत मोठा आवाज त्यांचा. हप्ता थकवणारीला दारातून हाक मारली की ती पैसे घेऊनच बाहेर यायची. चाळीस वर्षं मिश्री लावत होत्या. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, हे आपल्यातल्या कितीतरी जणींना अजून पटत नाही. दात घासायचं काहीतरी, एवढंच वाटतं. मावशींचा आवाज घोगरा झाला. घरच्यांनी हळद-दूध दिलं, ज्येष्ठमध दिलं. एका दवाखान्यात तीन वेळा खोकल्याची बाटली मिळाली, घशात कुणी डोकावलं नाही. सहा महिन्यांनी घास अडकायला लागला, कान ठणकायला लागला, तेव्हा मोठ्या इस्पितळात नेलं. स्वरयंत्र काढावं लागलं. ऑपरेशननंतर दोन महिने त्यांना पाणी हवंय की सून बोलवायची आहे, हे खुणांवरून ओळखावं लागे. लिहिता येत असतं तर पाटी तरी दिली असती.

स्वरयंत्र संपूर्ण काढायचं ऑपरेशन कर्करोगासाठी पहिल्यांदा बिलरोट यांनी व्हिएन्नात १८७३ च्या शेवटच्या दिवशी केलं, आणि त्यांच्या सहकाऱ्याने त्या रुग्णासाठी कृत्रिम स्वरयंत्रही बनवलं होतं. म्हणजे कापायचं आणि आवाज परत द्यायचा, हे दोन्ही विचार एकाच वेळी जन्मले. आज श्वासनळी आणि अन्ननळीच्या मध्ये छोटी झडप बसवतात, गळ्याच्या भोकावर बोट ठेवलं की हवा तिकडून जाते आणि माणूस बोलतो. १९८० च्या सुमारास अमेरिकेत ती झडप निघाली. परदेशी झडप हजारो रुपयांची आणि ठराविक काळाने बदलावी लागते. बंगळुरूच्या विशाल राव या डॉक्टरांनी उद्योजक मित्राच्या मदतीने अशी झडप पन्नास रुपयांच्या आसपास खर्चात तयार केली, ही बातमी पेपरात आली तेव्हा आम्ही कात्रण ठेवलं होतं. आमच्या मावशी आता झडपेवर बोलतात. आवाज भरड येतो. हप्ते मात्र वेळेवर येतात.

सगळे बसलेले आवाज असे नसतात, घाबरून जाऊ नका. सर्दी-पडशाने बसलेला आवाज आठ-पंधरा दिवसांत आपोआप येतो. आपल्या बायकांत जास्त दिसतात त्या गाठी, ज्या घट्ट्यासारख्या असतात. सेकंदाला दोनशे टाळ्या, हे लक्षात आहे ना? शिक्षिका, अंगणवाडीताई, भाजीवाल्या, गायिका, यांच्यात त्या फार. खुरप्याने हाताला घट्टा पडतो तसंच ते. माइक यायच्या आधी आपल्या संगीत नाटकांतल्या नटांना शेवटच्या रांगेपर्यंत पद पोचवावं लागे. १८८० साली पुण्यात किर्लोस्करांचं 'शाकुंतल' रंगलं, तिथून पुढच्या कितीतरी नटांनी नुसत्या गळ्यावर थिएटर भरलं. नाटकवाले गळा जपायला फार जपत, तेल नको, आंबट नको. खरी गरज मधल्या विश्रांतीची होती, आणि खेळ तर रात्रभर चालायचे. या गाठींना बहुधा चाकू लागत नाही. आवाजाची विश्रांती, भरपूर पाणी आणि बोलण्याची पद्धत बदलणं याने त्या बऱ्याचदा विरघळतात. कुजबुजणं म्हणजे विश्रांती नाही हं. कुजबुजताना घसा उलट जास्त आवळला जातो. आणि सारखं खाकरायची सवय असेल तर दर खाकरण्याला दोन्ही तंतू जोरात आपटतात. त्यापेक्षा पाण्याचा घोट घ्या.

चुलीचा धूर हे आणखी एक कारण, त्यावर वेगळा कार्यक्रम करू. आम्लपित्त घशापर्यंत येतं आणि सकाळी उठल्यावर आवाज जड असतो, अशा बायका प्रत्येक गटात एक-दोन असतीलच. त्यांनी रात्रीचं जेवण आणि झोप यात दोन-तीन तासांचं अंतर ठेवून पाहावं. थायरॉईड कमी झाला तरी आवाज जाड होतो, हे मागच्या वेळी सांगितलंच.

लहान मुलांच्या घशाचं एकच सांगतो. घशात राखाडी पडदा धरून श्वास कोंडणारा घटसर्प हा आपल्या आजीच्या काळी घरं रिकामी करणारा रोग होता. त्याच्यावरचं औषध शोधलं म्हणून बेरिंग यांना १९०१ साली वैद्यकातलं पहिलंच नोबेल मिळालं. त्याची लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, आणि डोस चुकलेल्या मुलांत हा रोग अजून होतो. नातवंडांची कार्डं तपासा.

आता मोठ्या माणसांचं. तीन आठवड्यांच्या वर आवाज घोगरा राहिला तर कान-नाक-घसा विभागात जाऊन घसा आतून बघून घ्यायचा. मिश्री, तंबाखू, बिडी असेल तर एक दिवसही वाट बघू नये. सोबत गिळायला त्रास, एकाच कानात ठणका, थुंकीत रक्त, मानेत गाठ यातलं काही असेल तरी तेच. स्वरतंतूचा कर्करोग पहिल्या टप्प्यात सापडला तर दहातले साधारण नऊ जण बरे होतात, आणि बहुतेकांचा आवाजही राहतो. कारण तंतूवर छोटीशी गाठ आली तरी आवाज लगेच बदलतो. आपण ऐकलं तर.

तपासणीला भिणाऱ्यांसाठी. हल्ली नाकातून बारीक दुर्बीण घालतात, पाच मिनिटांचं काम, डोळ्यांतून पाणी येतं, एवढंच. काही ठिकाणी अजून आरसाच वापरतात. डॉक्टर जीभ कापडात धरून पुढे ओढतील, आरसा आधी दिव्यावर किंवा गरम पाण्यात ऊन करतील, स्वतःच्या हातावर टेकवून फार तापला नाही ना बघतील, आणि घशात धरून तुम्हाला "ई" म्हणायला सांगतील. उमासा येईल असं वाटलं तर तोंडाने धापा टाकल्यासारखा श्वास घ्या. जाताना काही तास काही खाल्लं नाही तर बरं. आमच्या गटातर्फे दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी तालुक्याला एक गाडी जाते, जिला यायचं असेल तिने आदल्या शुक्रवारपर्यंत आपल्या गटाच्या सचिवताईंकडे नाव द्यावं.